गिअरबॉक्स बदलल्यावर ट्रकमधून आवाज येतोय? पुन्हा खाली उतरवण्याआधी या क्रमानं तपासा

गिअरबॉक्स बदलून ट्रक गॅरेजबाहेर पडतो आणि पहिल्या फेरीतच ड्रायव्हरचा फोन येतो, "मिस्त्री, गाडी आवाज करून राह्यली." मग ‘बॉक्सच खराब निघाला’ असं ठरतं. तो पुन्हा खाली येतो, दोन बेअरिंगं बदलली जातात, बॉक्स वर चढतो आणि आवाज तसाच राहतो. कारण आवाज बॉक्सचा नव्हताच. क्लच बेअरिंग ओरडत होतं, सायलेन्सरचा ब्रॅकेट लावायचा राहिला होता, नाहीतर प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे बॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, चुकीच्या दातावर बसला होता.

आवाज कसा आहे हे प्रत्येक जण सांगतो. कुणी खरखर म्हणतो, कुणी घरघर. त्यावरून फारसं कळत नाही. तो कधी सुरू होतो आणि काय केल्यावर थांबतो, यावरून दोष सापडतो. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबानं लावल्या आहेत. मध्यम आणि जड मालट्रक, टिपर, पाच-सहा गिअरचे सिंक्रोमेश (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगांचे) बॉक्स यांना त्या लागू पडतात. क्रम बदलू नका, कारण पुढच्या पायरीचा निकाल मागची पायरी नीट झाली असेल तरच खरा.

## पायरी 1 : जागा, माहिती आणि जुना बॉक्स

सपाट, कडक जागा हवी. काळ्या मातीवर जॅक लावू नका. पावसाळ्यात तो भाराखाली केव्हा खचेल सांगता येत नाही. हंगाम नसताना कापसाच्या जिनिंगचं सिमेंटचं आवार मिळालं तर उत्तम. तिथं शांतताही असते आणि बाजूला भिंत असली की आवाज परत ऐकू येतो. नाइलाजानं मुरमाच्या जागेवर काम करायचं असेल तर जॅकखाली जाड लाकडी फळी घ्या.

हत्यारं फार लागत नाहीत. टॉर्च, हातभर लांब लोखंडी सळई किंवा लांब स्क्रूड्रायव्हर, रंगाची डबी, स्वच्छ ट्रे, लोहचुंबक आणि पाना-सेट एवढं पुरतं. डायल गेज (फिरत्या भागाची डगमग मोजणारं माप) तालुक्याच्या लेथवाल्याकडून पुढे लागला तर आणता येतो.

ट्रकखाली शिरण्याआधी मालकाला किंवा ड्रायव्हरला चार गोष्टी विचारा आणि लिहून घ्या:

1. बॉक्स जुन्या बाजारातून आणला, की कुणी खोलून दुरुस्त केलेला आहे?
2. सोबत क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, क्लच बेअरिंग, पायलट बेअरिंग (फ्लायव्हीलकडे बॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं टोक पेलणारं) यांतलं काय बदललं आणि काय जुनंच ठेवलं?
3. ऑइल कोणतं आणि किती लिटर टाकलं?
4. हाच आवाज बॉक्स बदलण्याआधी होता का?

चौथ्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं तर निम्मं काम वाचतं. मागच्या डिफरेन्शियलचा (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डब्याचा) आवाज महिनोन्‌महिने असतो. बॉक्स बदलल्यावर सगळे कान लावून बसतात आणि तोच ‘नवीन’ वाटू लागतो.

तपासा : जुना बॉक्स भंगारात गेलाय का? गेला नसेल तर आवाज मिटेपर्यंत जाऊ देऊ नका. दोन्ही बॉक्सच्या प्लेटवरचं मॉडेल, जसं जीबीएस-40 किंवा जीबीएस-50, ताडून बघा. पुढच्या शाफ्टची लांबी, त्यावरच्या दातांची संख्या आणि पायलट बेअरिंगमध्ये बसणाऱ्या टोकाची जाडी मोजून घ्या. बाहेरून सारखे दिसणारे बॉक्स आतल्या गुणोत्तरात आणि शाफ्टच्या मापात वेगळे निघतात.

सावधान : उन्हाळ्यात डोक्याला, गळ्याला गुंडाळलेला दुपट्टा आधी काढून ठेवा. सुरू इंजिनाच्या पंख्याजवळ आणि फिरत्या प्रॉपेलर शाफ्टजवळ लोंबणारं कापड माणसाला ओढून नेतं.

## पायरी 2 : बॉक्सच्या बाहेरचं आधी

इथं कंटाळा केला की पुढचं सगळं चुकतं. बॉक्स काढताना जे जे सोडलं होतं, ते परत नीट लागलं का, हे इंजिन बंद ठेवून हात लावून बघा.

- सायलेन्सर पाइपचा बॉक्सजवळचा ब्रॅकेट. तो सुटा राहिला की आयडलला पत्रा वाजतो.
- फ्लायव्हीलच्या खालचं पत्र्याचं झाकण. वाकलं असेल तर फ्लायव्हीलला घासतं. ‘खिस्‌ खिस्‌’ असा एका लयीतला आवाज येतो आणि इंजिन वाढवलं की लय वाढते.
- बेल हाउसिंगचे, म्हणजे क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या भागाचे बोल्ट. एखादा आखूड किंवा दुसऱ्याच गाडीचा लावलेला असतो.
- बॉक्सचे आणि इंजिनाचे माउंटिंग रबर. एक दबून बसलेलं असेल तर सगळा बॉक्स तिरका होतो आणि लोखंड लोखंडाला टेकतं.
- स्टार्टर काढला असेल तर त्याचे बोल्ट आणि अर्थिंगची पट्टी. फक्त सेल मारताना कर्र येत असेल तर बॉक्सकडे बघूच नका.
- गिअर लिव्हरचा रॉड आणि त्याची बुशं, स्पीडोमीटरची केबल.

टिपर असेल तर पीटीओ, म्हणजे हौदा उचलायला बॉक्समधून ताकद घेणारा जोड, वेगळा बघा. नवीन बॉक्सवर जुना पीटीओ चढवताना मधलं गॅस्केट कमी-जास्त झालं की दातांमधली फट बिघडते. फट कमी झाली तर दात रडतात, जास्त झाली तर खडखडतात. साधारण 0.15 ते 0.30 मिलिमीटर फट ठेवतात. गॅस्केटची जाडी कमी-जास्त करून ती आणायची असते. रेती-मुरमाच्या टिपरवर ‘गिअरबॉक्स गेला’ असं सांगून आलेल्या गाडीत हाच दोष असू शकतो, आणि तो बॉक्स न उतरवता सुधारतो.

## पायरी 3 : ऑइल

सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबल्यावर बाजूचा लेव्हल प्लग उघडा. ऑइल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं असावं. करंगळी आत घालून लागतं एवढ्यावर समाधान मानू नका. कमी ऑइलनं बेअरिंगं तापून आवाज करतात. जास्त झालं तर फेस येतो, सीलमधून गळतं आणि क्लच प्लेटपर्यंत पोचतं.

जुन्या बाजारातला बॉक्स बहुतेक वेळा कोरडा येतो. पुढचा मिस्त्री समजतो मागच्यानं टाकलं, मागचा समजतो पुढचा टाकेल. म्हणून ‘टाकलंय’ या शब्दावर विश्वास ठेवू नका.

दर्जाही बघा. जीएल-4, जीएल-5 हे गिअर ऑइलचे दर्जे. डिफरेन्शियलचं जीएल-5 ऑइल त्याच डब्यातून गिअरबॉक्समध्ये ओतण्याची सवय आहे. ज्या बॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा आहेत आणि कंपनीनं जीएल-4 सांगितलं आहे, तिथं असं करू नका. जीएल-5 मधली जास्तीची रसायनं तापल्यावर पितळ खाऊ शकतात, आणि मे महिन्यात हवाच 45 अंशांवर गेलेली असताना आपले बॉक्स मुळात तापलेले असतात. त्यातून गिअर टाकताना कर्र सुरू होतं. 80डब्ल्यू-90 हा आकडा फक्त जाडी सांगतो, दर्जा नाही.

थोडं ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये काढून उन्हात धरा. चुंबकावर राखाडी, मऊ लेप असेल तर घाबरू नका. टोचणारे लोखंडी कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर तपासणी इथंच थांबवा. गाडी चालवून बघण्यात अर्थ नाही. चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चमक दिसली तर सिंक्रो रिंगा झिजल्या आहेत.

## पायरी 4 : उभ्या गाडीवर पेडलची परीक्षा

हीच खरी पायरी. दहा मिनिटांचं काम आहे, पण दोन माणसं हवीत: एक पेडलवर, एक बाहेर ऐकायला. हँडब्रेक ओढा, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, इंजिन गरम होऊ द्या. एसी, पंखा, टेप सगळं बंद.

अ. न्यूट्रल, पेडल मोकळं. या वेळी बॉक्समधला पुढचा शाफ्ट (क्लचकडून ताकद घेणारा) आणि काउंटर शाफ्ट (त्यानं फिरणारा बाजूचा) फिरत असतात, मेन शाफ्ट (मागे ताकद देणारा) थांबलेला असतो. घरघर आत्ताच येत असेल आणि पेडल पूर्ण दाबल्यावर एक-दोन सेकंदांत विझत असेल, तर दोष पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगांमध्ये धरा. सळईचं एक टोक बॉक्सच्या अंगावर पुढच्या बेअरिंगच्या जागी टेकवा, दुसरं कानाजवळच्या हाडावर. मग मागच्या बेअरिंगवर टेकवा. फरक लगेच कळतो.

आ. पाय हलकेच टेकवा, पेडलची मोकळी चाल संपेपर्यंत. चिरचिर किंवा शिट्टी याच क्षणी सुरू झाली तर ते क्लच बेअरिंग, म्हणजे रिलीज बेअरिंग आहे. बॉक्सचा काही दोष नाही. मात्र काही नव्या ट्रकांत हे बेअरिंग कायम टेकलेलं असतं आणि मोकळी चाल नसते. तिथं आवाज सुरू होत नाही, दाबाबरोबर बदलतो. तुमची गाडी कोणत्या प्रकारची आहे हे आधी माहीत करून घ्या.

इ. पेडल पूर्ण दाबून पहिला गिअर टाका, पेडल सोडू नका. आता फ्लायव्हील फिरतंय आणि पुढचा शाफ्ट जागेवर थांबलाय. म्हणजे पायलट बेअरिंगला पूर्ण वेगाचा फरक सोसावा लागतो. ‘आ’मध्ये शांत असलेली गाडी इथं किंचाळली तर पायलट बेअरिंग कोरडं आहे, चुकीच्या मापाचं आहे किंवा बॉक्स तिरका बसलाय.

सावधान : ‘इ’च्या वेळी ट्रकच्या पुढे, मागे किंवा खाली कुणीही नको. पाय घसरला तर गाडी ठोकळ्यावरून उडी घेते. या वेळी बाहेरचा माणूस बाजूला उभा राहून ऐकेल, सळई लावणार नाही.

ई. न्यूट्रलला खडखड, इंजिन जरा वाढवलं की गायब. पत्र्याच्या डब्यात चणे हलवावेत तसा हा आवाज असतो. यानं घाबरून बॉक्स उतरवणारे खूप आहेत. क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगा इंजिनाचे धक्के गिळतात. त्या ढिल्या असल्या किंवा प्लेट दुसऱ्या मॉडेलची असली की ते धक्के दातांपर्यंत पोचतात. आयडल फार खाली असणं, एखादं इंजेक्टर कमी मारणं हीही कारणं असतात. आधी आयडल पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आणा आणि मगच पुढचा विचार करा.

तपासा : अ, आ, इ, ई यांपैकी कशात आवाज आला आणि कशात नाही, हे खडूनं दारावर लिहा. चारही शांत असतील तर उभ्या गाडीत क्लचचा आणि बॉक्सच्या पुढच्या भागाचा दोष दिसत नाही. भार पडल्यावरच येणारा आवाज पायरी 6 मध्ये कळेल.

## पायरी 5 : आवाज फक्त गिअर टाकताना येतो

पेडल पूर्ण दाबा, दहापर्यंत मोजा, मग रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही कर्र आलं तर क्लच पूर्ण सुटत नाही. बॉक्सला दोष देऊ नका. हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा, पेडलची बिघडलेली चाल, उलटी बसवलेली प्लेट किंवा बॉक्स चढवताना त्याचं वजन पेलून वाकलेली प्लेट, यांतलं एक निघेल. थांबल्यावर गिअर शांत पडतो पण चालत्या गाडीत एखाद्याच गिअरला कर्र येतं, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग बघा. सगळ्याच गिअरला येत असेल तर ऑइल आणि क्लच पुन्हा तपासा.

## पायरी 6 : रस्त्यावर

आधी रिकामी गाडी, मग अर्धा माल. कोळशाची पूर्ण भरलेली गाडी घेऊन वणीच्या रस्त्यावर परीक्षा घेऊ नका. दोष असेल तर तुम्ही वाटेतच अडकाल. चार पदरी रस्ताही नको. पहाटेचा सरळ, मोकळा गावरस्ता बरा. खिडक्या उघड्या ठेवा.

पहिली परीक्षा: एकच वेग, समजा 30 किलोमीटर, दोन वेगवेगळ्या गिअरमध्ये धरा. गिअर बदलून इंजिनाचा फेरा बदलला तरी आवाजाचा सूर तोच राहिला, तर दोष चाकांच्या वेगाशी बांधलेला आहे: बॉक्सचं मागचं बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरेन्शियल किंवा चाकाचं बेअरिंग. सूर इंजिनाबरोबर वर-खाली झाला तर दोष पुढे आहे.

दुसरी: प्रत्येक गिअरमध्ये थोडा जोर देऊन बघा. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्याच जोडीचे दात किंवा त्या गिअरखालचं बेअरिंग. 1:1 चा, म्हणजे डायरेक्ट गिअर सोडून बाकी सगळ्यांत येत असेल तर काउंटर शाफ्ट. डायरेक्ट गिअरमध्ये ताकद सरळ मेन शाफ्टला जाते आणि काउंटर शाफ्ट भाराशिवाय फिरतो, म्हणून तिथं तो गप्प होतो.

तिसरी: ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना. ‘गूंऽऽ’ फक्त ओढताना किंवा फक्त सोडल्यावर येत असेल तर क्राउन-पिनियनवर, म्हणजे डिफरेन्शियलमधल्या दातांच्या जोडीवर, संशय घ्या. गिअर उडत असेल तर आधी लिव्हरचा रॉड आणि माउंटिंग बघा. गिअर अर्धाच बसत असला तरी तो उडतो.

रिव्हर्सला रडणारा बॉक्स मात्र बिघडलेला समजू नका. अनेक बॉक्समध्ये रिव्हर्सचे दात सरळ कापलेले असतात आणि सरळ दात रडतातच.

सावधान : न्यूट्रलवर गाडी सोडून ऐकायची असेल तर सपाट रस्त्यावर आणि इंजिन सुरू ठेवूनच. इंजिन बंद केलं की ब्रेकची हवा भरणं थांबतं. मेळघाटासारख्या उतारावर न्यूट्रल कधीच नको.

## पायरी 7 : बॉक्सच्या मागे

बॉक्स काढताना प्रॉपेलर शाफ्ट सोडावाच लागतो आणि खुणा न करता सोडला की तो परत चुकीच्या दातावर बसतो. एकाच शाफ्टच्या दोन टोकांचे योक (जोडाची दुफाटी तोंडं) एका रेषेत हवेत. बहुतेक शाफ्टवर बाण किंवा खूण असते; चिखल पुसून शोधा. दोन-तीन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये प्रत्येक जोडाची खूण बघा. योक आडवेतिडवे असतील तर ठराविक वेगाला केबिन थरथरते आणि गुरगुर ऐकू येते. त्यातूनच पुढे बॉक्सचं मागचं बेअरिंग खरोखर खराब होतं.

गाडी हलताना एकच ‘ठक्‌’ येत असेल तर क्रॉस (योकमधला चार टोकांचा जोड) हलवून बघा. हळू चालताना चाकाबरोबर चिंचिं येत असेल तर क्रॉस कोरडा आहे. ग्रीस भरा आणि चारही टोकांतून बाहेर येतं का ते पाहा. मधल्या बेअरिंगचं रबर फाटलंय का, तेही आत्ताच बघून घ्या.

गाडी गॅरेजपर्यंत टोचन करून आणायची असेल तर आधी प्रॉपेलर शाफ्ट काढा. इंजिन बंद असताना मागची चाकं मेन शाफ्ट फिरवत राहतात, पण काउंटर शाफ्ट थांबलेला असल्यानं ऑइल वर उडत नाही. चांगला बॉक्स असाच कोरडा फिरून जळतो.

## पायरी 8 : उतरवायचाच असेल तर

पायरी 4 च्या अ, आ, इ मध्ये आवाज सापडला, पायरी 5 मध्ये क्लच प्लेटवर किंवा सिंक्रोवर बोट आलं किंवा पायरी 6 मध्ये बॉक्समधला दोष निघाला, तरच बॉक्स खाली घ्या. वजन शंभर किलोच्या पुढे असतं. छातीवर घेऊन दोघांनी उतरवायची मर्दुमकी नको. जॅक किंवा चेन ब्लॉक वापरा.

खाली आल्यावर या क्रमानं बघा: पायलट बेअरिंग बोटानं फिरवून, क्लच बेअरिंग आणि त्याचा फोर्क, प्लेटवर ‘फ्लायव्हीलकडची बाजू’ अशी खूण कुठे आहे, बेल हाउसिंगच्या जागेच्या पिना दोन्ही आहेत का, आणि दोन्ही तोंडांवर रंग, जुनं गॅस्केट किंवा मातीचा कण अडकलाय का. पायलट बेअरिंग वारंवार जात असेल तर लेथवाल्याला डायल गेज घेऊन बोलवा. फ्लायव्हील आणि हाउसिंगचा फेर, म्हणजे फिरताना होणारी डगमग, साधारण 0.2 मिलिमीटरच्या वर असेल तर कितीही बेअरिंगं बदलली तरी टिकणार नाहीत. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातून घ्या.

परत चढवताना प्लेट मधोमध बसवायला जुन्या बॉक्सचा पुढचा शाफ्ट कामी येतो. बॉक्स हातानं सरकत पूर्ण तोंडाला तोंड लागला पाहिजे. बोटभर फट उरलीय आणि बोल्ट आवळून ती ओढून घेतली, तर हाउसिंगचा कान तुटतो किंवा प्लेटचा मधला भाग वाकतो. चढवताना बॉक्स एक क्षणही प्लेटवर लोंबकळत ठेवू नका.

तपासा : चढवल्यावर ऑइल भरून पायरी 4 पुन्हा अ पासून करा. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर बेल हाउसिंगचे, माउंटिंगचे आणि प्रॉपेलरचे बोल्ट पुन्हा आवळा आणि ऑइलची पातळी बघा.

दोष बॉक्सच्या आतला निघाला आणि तो विकत आणलेला असेल, तर खोलू नका. खोललेला बॉक्स विकणारा परत घेत नाही. अ, आ, इ हे तिन्ही प्रकार पेडल दिसेल असे मोबाइलवर चित्रित करा, बॉक्सवरचा नंबर बिलावरच्या नंबराशी जुळतो का बघा, आणि मुदत संपायच्या आत बॉक्स, बिल आणि चित्रण घेऊन जा. पुढचा बॉक्स घेताना दुकानातच पुढचा शाफ्ट हातानं फिरवून आणि वर-खाली हलवून बघा, ड्रेन प्लग उघडून चुंबक फिरवा, आणि बिलावर नंबर लिहून घेतल्याशिवाय गाडीत टाकू नका.